घराबाहेर कोण गेले?



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय कळविला, तेव्हा आम्ही चकितच झालो. किमान वेतन, ठेकेदारी पद्धत, ग्रॅच्युइटी असले आमच्या रोजच्या सरावातले विषय सोडून ही दूरचित्रवाणीची घोरपड आमच्या गळ्यात का, असे आम्ही चिटणिसांना विचारले. ते हसून म्हणाले, "मागे तुम्हीच म्हणाला होता की त्या बिग बॉसच्या घरात एक युनियन काढली पाहिजे. आता तेच सविस्तर सांगा." थट्टेत बोललेले वाक्य असे अंगावर आले.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात आणि कारखान्याच्या दरवाजावर. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा आमच्याकडून करू नये. तीस-बत्तीस वर्षे माणसे एका छपराखाली कशी वागतात, त्यांच्यात भांडणे कोण लावतो आणि त्या भांडणाचा फायदा कोणाच्या खिशात जातो, एवढेच आम्ही पाहत आलो. ह्या 'रिअ‍ॅलिटी शो' नावाच्या करमणुकीकडे पाहताना आम्हाला तोच कारखाना दिसतो. समाजातले पूर्वग्रह, म्हणजे जातीचा, रंगाचा, धर्माचा, प्रांताचा तिटकारा, ह्या कारखान्यात कच्चा माल म्हणून येतो. त्याचे तेथे काय होते, हा आजचा प्रश्न.

प्रथम हा माल कसा तयार होतो ते पाहू. 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम १९९९ साली नेदरलँडमध्ये सुरू झाला. नाव घेतले जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतून. तिच्यात सर्वांवर नजर ठेवणाऱ्या सत्तेचे ते नाव आहे. २००० साली तो ब्रिटनमध्ये गेला, २००६ साली 'बिग बॉस' होऊन हिंदीत आला आणि २०१८ पासून मराठीतही आपल्या घरात शिरला. रचना सगळीकडे सारखीच. दहा-बारा माणसे एका घरात कोंडावयाची. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, बाहेरचे कोणी भेटावयाचे नाही. भिंतीभिंतीत कॅमेरे, प्रत्येकाच्या गळ्यात मायक्रोफोन. दर आठवड्याला कोणाला घालवावयाचे ते प्रेक्षकांनी मत देऊन ठरवावयाचे.

बघणाऱ्याला वाटते, कॅमेरा ठेवला आणि जे घडले ते दिसले. पण दिवसाचे तास चोवीस; दाखवितात एक तास. उरलेले तेवीस तास कोणी कापले? घरात कोणी राहावयाचे हे कोणी निवडले? आज स्वयंपाकाला कांदा द्यावयाचा की नाही हे कोणी ठरविले? आमच्या कारखान्यात ह्याला व्यवस्थापन म्हणतात. तेथेही व्यवस्थापक मशीनजवळ क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच दोन कामगार भांडले की लोकांना ते फक्त त्या दोघांचेच भांडण वाटते.

चालक म्हणतात, "आम्ही समाजाला आरसा दाखवितो. समाजात द्वेष आहे, तो दिसला. त्यात आमचा काय दोष?" हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. त्यात तथ्य किती ते एका प्रसंगावर घासून पाहू. प्रसंग परदेशातला आहे, पण त्याच्या मध्यभागी मुंबईत वाढलेली एक मुलगी होती.

जानेवारी २००७. ब्रिटनच्या 'चॅनेल फोर' ह्या वाहिनीवर प्रसिद्ध व्यक्तींचा 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' चालू होता. आपल्या चित्रपटसृष्टीतील शिल्पा शेट्टी त्यात होत्या. जेड गुडी नावाची एक इंग्रज तरुणीही होती. दोन-चार दिवसांतच जेड आणि तिच्या दोन मैत्रिणी शिल्पाबाईंच्या मागे लागल्या. कोंबडीच्या रश्श्यात घालावयाच्या मसाल्याच्या वड्यांवरून कडाक्याचे भांडण झाले. जेडने त्यांच्या आडनावाच्या जागी 'पापडम' हा शब्द लावला. दुसरीने शिवी हासडून त्यांनी आपल्या घरी चालते व्हावे असे म्हटले. त्यांनी अन्नाला हात लावला, तर ते हात कुठे कुठे लागले असतील कोण जाणे, अशी शंका काढली गेली. हिंदुस्थानातले लोक कच्चेपक्के खाऊन आजारी पडतात म्हणून बारीक असतात, असाही शोध लागला.

ह्यावर जो गदारोळ उठला तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. 'ऑफकॉम' म्हणजे तेथील प्रसारणावर देखरेख ठेवणारी संस्था. तिच्याकडे ४४,५०० हून अधिक तक्रारी गेल्या. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला. तेथील अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन नेमके तेव्हा भारतभेटीवर होते. त्यांनाही येथे त्याविषयी खुलासे करावे लागले. पाटण्यात पुतळे जळले. कार्यक्रमाचे प्रायोजकत्व घेतलेल्या फोनविक्रेत्या कंपनीने हात काढून घेतला. १९ जानेवारीस जेड आणि शिल्पा अशा दोघींत मतदान झाले. ८२ टक्के मतांनी जेड घराबाहेर गेली. २८ जानेवारीस शिल्पाबाई ६३ टक्के मते घेऊन विजयी झाल्या. न्याय झाला, असे सर्वांना वाटले. आम्हालाही वाटले, युनियनच्या ऑफिसात त्या रात्री आम्ही पेढे वाटले, हे कबूल करावयास हवे.

पेढे वाटताना आमच्या संघटनेतला एक सुरक्षारक्षक गप्प बसला होता. मूळचा बिहारचा. आम्ही विचारले, "का रे, तुला आनंद नाही?" तो म्हणाला, "आनंद आहे साहेब. पण 'घरी जा' हे तर आम्हाला इथे रोजच सांगतात. त्याचे मतदान कधी?" आम्ही त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला आणि विषय बदलला. पुढच्याच वर्षी, २००८ च्या फेब्रुवारीत, मुंबई, ठाणे, नाशिककडे उत्तरेकडील मजुरांना मारहाण झाली आणि नाशिकहून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने निघून गेली. तेव्हा तो पेढा आम्हाला आठवला.

असो. त्या इंग्रजी घराकडे पुन्हा वळू. ऑफकॉमने मे २००७ मध्ये निर्णय दिला तो लक्षपूर्वक समजून घेण्यासारखा आहे. द्वेषाचे बोलणे पडद्यावर कधीच दाखवू नये, असे ती संस्था म्हणाली नाही. तसे म्हटले असते तर झाकपाकीलाच उत्तेजन मिळाले असते. तिचे म्हणणे असे की, असले बोलणे दाखवावयाचे तर त्याची योग्य पार्श्वभूमी हवी, त्याला वेळीच कोणी अडविले पाहिजे. हे काम वाहिनीने नीट केले नाही आणि नियमभंग केला. दंड झाला नाही. संस्थेचा निष्कर्ष वाहिनीवरून तीन वेळा वाचून दाखवावा, एवढी शिक्षा झाली. घरात एकदा उघड वांशिक शिवीकडे इशारा करणारी यमके जुळविण्याचा खेळ झाला होता. ते चित्रण दाखविले गेले नाही. पण त्याची खबर निर्मात्यांकडून वाहिनीच्या वरिष्ठांपर्यंत वेळेवर गेलीच नव्हती, हेही बाहेर आले. कारखान्यात अपघात झाला की असेच निघते: सुपरवायझरला ठाऊक असते, साहेबांना ठाऊक नसते, आणि रजिस्टरात नोंद नसते.

आता भांडणाच्या आधीचा एक दिवस पाहू. पहिल्याच आठवड्यात जेड, तिची आई आणि तिचा मित्र अशा तिघांना त्या घरात मागाहून आणले गेले. ते तिघे घराचे मालक आणि आधी आलेले बाकीचे त्यांचे नोकर, असा खेळ चालकांनी मांडला. आपण ह्यांची सेवा करणार नाही म्हणून एक तरुण गायक तर भिंत ओलांडून पळाला. जेडच्या आईला शिल्पा हे नाव उच्चारता येईना, की उच्चारावयाचे नव्हते, कोण जाणे. ती त्यांना 'ती इंडियन' असेच म्हणे. सेवक कोण आणि धनी कोण हे वाटप ज्यांनी केले, ज्यांना कोणकोणत्या स्वभावाची माणसे आत सोडली आहेत हे पुरते ठाऊक होते, त्यांनी पुढे म्हणावे की, "आम्ही फक्त आरसा धरला"? आरशासमोर कोणी उभे राहावयाचे आणि कोणत्या पोशाखात, हे जो ठरवितो त्याला आरसेवाला म्हणत नाहीत.

आणि ही जेड कोण होती? लंडनच्या बर्मंडसी भागातल्या गरीब वस्तीतली मुलगी. बाप व्यसनी, त्याचा तुरुंगाशी संबंध; आईचा एक हात अपघातात निकामी झालेला, म्हणून लहानपणीच घर सांभाळलेली. दातांच्या दवाखान्यात मदतनिसाचे काम करीत होती. गंमत पाहा, तिच्या बापाच्या अंगात वेस्ट इंडीजकडील रक्त होते. म्हणजे ज्या वर्णद्वेषाची ती निशाणी ठरली, त्याचे चटके तिच्याच घराण्याने सोसलेले असणार. २००२ साली ती साध्या 'बिग ब्रदर'मध्ये गेली, तेव्हा तिच्या अडाणीपणाची, लठ्ठपणाची, बोलण्याच्या ढंगाची सबंध देशाने टर उडविली. वर्तमानपत्रांनी तिला डुकराची उपमा दिली. कामगार वस्तीतल्या मुलीचा तो तिटकारा म्हणजे पूर्वग्रह नव्हता काय? पण त्याविरुद्ध हजारो तक्रारी गेल्याचे आमच्या वाचनात नाही. त्याच टवाळीतून ती प्रसिद्ध झाली, तिच्या नावाचे अत्तर बाजारात आले, आणि म्हणूनच २००७ साली तिला पुन्हा बोलावले. २००७ नंतर ते अत्तर दुकानांतून काढून घेतले गेले.

ज्या तोंडाळपणासाठी तिला नेमले, त्याच तोंडाळपणासाठी तिला काढले. आमच्या धंद्यात अशा माणसाला आम्ही नीट ओळखतो. मालकाने दंगा करावयास ठेवलेला माणूस असतो. दंगा अंगाशी आला की पहिली नोटीस त्यालाच मिळते, आणि गेटवर जमलेले कामगार टाळ्या वाजवितात.

ह्याचा अर्थ जेड निर्दोष होती असा कोणी घेऊ नये. तिने शिल्पाबाईंना रडविले ते खरेच होते, आणि त्या अपमानाचे दुःख त्या बाईंनी एकटीने भोगले. एवढेच म्हणावयाचे आहे की, दोषाची वाटणी करताना एकीच्याच पदरात सगळा ढीग ओतला आणि बाकीचे हात झटकून मोकळे झाले. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या मालिकेत एका मुलीने काळ्या लोकांबद्दलचा एक अपशब्द उच्चारला. रातोरात तिला घराबाहेर काढले. चालकांनी धडा घेतला होता तो असा: बोलणाऱ्याला ताबडतोब बाहेर काढा. माणसांची निवड, खेळांची मांडणी आणि कात्री ह्यांबाबत कोणाचे मत मागण्यात आले नाही.

जेडची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २००८ मध्ये ती आपल्या हिंदी 'बिग बॉस'च्या घरात आली. त्या वर्षी सूत्रसंचालिका होत्या शिल्पा शेट्टी. एकीने दुसरीला क्षमा केली, हे दृश्य खरोखरच चांगले होते. पण दोन-तीन दिवसांतच, त्या घरात असताना, जेडला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे इंग्लंडहून कळविले गेले आणि ती परत गेली. शेवटचे महिनेही तिने कॅमेऱ्यापुढे काढले. दोन लहान मुलांच्या पुढच्या सोयीसाठी पैसा हवा, असे तिने स्वच्छ सांगितले. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी ती गेली. तिची हकीकत पाहून ब्रिटनमध्ये त्या रोगाची तपासणी करून घेणाऱ्या बायकांची संख्या वाढली. शाळा जिला मूर्ख म्हणत आली, तिने मरतामरता बायकांना तेवढे शिकविले.

आता कोणी विचारील की, ह्या करमणुकीतून कधी काही चांगले निघालेच नाही काय? निघाले आहे; आणि ते का निघाले हे पाहिले म्हणजे आपला मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९९४ साली अमेरिकेत 'एमटीव्ही'च्या 'द रिअल वर्ल्ड' ह्या मालिकेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत सात तरुण एका घरात राहिले. त्यांत क्यूबात जन्मलेला पेड्रो झमोरा होता. समलिंगी, आणि एड्सची लागण झालेला. तो काळ असा की, एड्स झालेल्याच्या शेजारी बसावयास लोक भीत. पेड्रो घरात आला तो शाळाशाळांत ह्या रोगाची माहिती देत फिरणारा कार्यकर्ता म्हणून. त्याने सोबत्यांना आपल्या कामाची वही दाखविली, प्रश्नांना उत्तरे दिली, आजारी पडला तरी हिंडत राहिला. एक सोबती त्याला सतत डिवचू लागला, तेव्हा घरातल्या मंडळींनी आपसांत बोलून त्या सोबत्यालाच जावयास सांगितले. मालिकेचा शेवटचा भाग दाखविला गेला आणि दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९९४ रोजी, पेड्रो गेला. वय २२ वर्षे. असंख्य घरांतल्या लोकांनी एड्सचा रोगी जवळून पाहिला तो हा पहिलाच.

फरक लक्षात आला? एकीकडे अपमान सोसणाऱ्याला रडताना दाखविले; दुसरीकडे त्याला बोलू दिले, काम करू दिले, महिनोन्‌महिने त्याच्याबरोबर राहू दिले. एकीकडे फोनवरून मते मोजली; दुसरीकडे सोबत राहणाऱ्यांनी स्वतः भूमिका घेतली. पूर्वग्रह सहवासाने आणि कामाने झिजतो.

कात्रीचे एकच उदाहरण देतो. २०१३ साली अमेरिकेतील 'बिग ब्रदर'मध्ये काही गोऱ्या स्पर्धकांनी काळ्या आणि आशियाई सोबत्यांबद्दल घाणेरडे उद्गार काढले. इंटरनेटवर अखंड चित्रण पाहणाऱ्यांनी ते ऐकले. पण दूरचित्रवाणीच्या भागांत ते प्रथम आलेच नाहीत. लोकांनी ओरड केल्यावर ते दाखविले गेले. म्हणजे वास्तव तेच, घर तेच. एका पडद्यावर द्वेष आहे आणि दुसऱ्यावर नाही! पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच 'सीबीएस' वाहिनीने जाहीर केले की, अशा कार्यक्रमांत निदान निम्मे लोक गोरेतर घेऊ. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, त्या घरातल्या सहा काळ्या स्पर्धकांनी एकजूट केली आणि मुख्य मालिकेत पहिल्यांदाच एक काळा स्पर्धक जिंकला. कोणा एका द्वेष्ट्याला हाकलून जे वीस वर्षांत झाले नाही, ते निवडीचा नियम बदलल्यावर एका वर्षात झाले. भरतीचा नियम बदलण्यासाठी आम्ही कामगार का झगडतो, ते ह्यावरून समजावे.

येथपर्यंत आम्ही परक्यांच्या घरात डोकावलो. आता आमच्याच घरातली गोष्ट सांगितल्यावाचून बसणे बरे नव्हे.

१९९८ च्या सुमारास आम्ही ठाण्याकडील एका यंत्रभागांच्या कारखान्यात युनियनचे काम पाहत होतो. कँटीनमध्ये एके दिवशी एका फिटरने झाडूकाम करणाऱ्या एका मुलाला जातीवरून शिवी दिली. सगळ्यांदेखत. आम्ही संतापलो. सर्वसाधारण सभा बोलाविली, ठराव केला, फिटरला सहा महिन्यांसाठी युनियनमधून काढले. त्या मुलाला हार घातला. भाषण आमचेच, त्यात १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळची हकीकतही सांगितली. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नसत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर कसा मांडला, हे सांगताना आमचा कंठ दाटून आला. टाळ्या पडल्या.

सात-आठ महिन्यांनी एक वयस्क सफाईवाली मावशी आम्हाला वाटेत भेटली. म्हणाली, "साहेब, त्याला काढलात, लई ब्येस केलंत. पर आमचे कप अजून टाकीवरच हायेत."

आम्ही जाऊन पाहिले. कँटीनच्या फळीवर स्टीलचे पेले. बाहेर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टवके उडालेले सहा कप. सफाईची माणसे ठेकेदाराची, त्यांचे कुपन नाही, म्हणून वेगळे कप, असा हिशेब. आम्ही त्याच कँटीनमध्ये त्या सभेच्या आधी चहा घेतला होता. त्या सभेच्या नंतरही. ते कप आम्हाला एकदाही दिसले नव्हते; शिवी मात्र लगेच ऐकू आली.

पुढचे काम सोपे नव्हते. शिवीविरुद्धचा ठराव एकमताने झाला होता. एका फळीवर सगळे पेले ठेवावयाचा विषय निघताच सभेत कुजबूज सुरू झाली. व्यवस्थापनाने ठेकेदाराकडे बोट दाखविले, ठेकेदाराने व्यवस्थापनाकडे. सफाई कामगारांची नावे कँटीनच्या यादीत घालून घ्यावयास आम्हाला जवळजवळ दीड वर्ष लागले. त्यानंतर आमचेच काही सभासद घरून थर्मासमध्ये चहा आणू लागले. त्यांतले दोघे हार घालण्यात पुढे होते. आणि तो फिटर? त्याला आम्ही परत घेतले, पण तू हे कोठे शिकलास, असे कधी विचारले नाही. विचारले असते तर कदाचित त्याने टाकीकडे बोट दाखविले असते.

म्हणून त्या ४४,५०० तक्रारी लिहिणाऱ्यांना आम्ही हसत नाही. ते लोक गप्प बसले नाहीत, हे चांगलेच झाले. गप्प बसलेल्या समाजात प्रायोजक पळत नाही आणि निकालही वाचून दाखवावा लागत नाही. पण तक्रार शिवीपाशी थांबली की चालकांचे काम सोपे होते. एक माणूस बाहेर काढावयाचा, तो सोहळा करून दाखवावयाचा, आणि पुढच्या मोसमासाठी तसाच दुसरा शोधावयाचा.

हे कार्यक्रम पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. आम्हीही पाहतो, आमच्या घरी सून आणि नातवंडे पाहतात. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येऊन एखाद्याला झाडतो तेव्हा आम्हालाही बरे वाटते. फक्त त्या बरे वाटण्याच्या क्षणी आपण थोडे सावध असावे. ह्या माणसाला आत कोणी आणले, ह्याचे तोंड सुटेल असा खेळ कोणी मांडला, ज्याचा अपमान झाला त्याला बोलावयास किती मिनिटे दिली, हे विचारावे. आणि पडदा बंद केल्यावर उठून आपल्या सोसायटीत जावे. कामवाल्या बाईंनी कोणती लिफ्ट वापरावयाची, भाडेकरू ठेवताना आडनाव का विचारतात, डबा पोचविणाऱ्या मुलाला पाणी कोणत्या भांड्यातून देतात, हे पाहावे. तेथे कॅमेरा नाही, मतदान नाही, आणि कोणी शिवीही दिलेली नाही.

त्या मावशी आता हयात नाहीत. टाकीवरचा एक कप मात्र त्यांनी आठवण म्हणून आम्हाला दिला होता. तो आमच्या ऑफिसात, भिंतीवरच्या टीव्हीखालच्या फळीवर ठेवलेला आहे. आपण कधी आलात तर चहा त्यातच घेऊ.